चंद्राने सोसलेला शेक

चंद्राच्या मुलीचा, रूपालीचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर बसले होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, "शेवटपर्यंत मारामारी केली तिनं." ते खरंच होतं. चंद्रानं ऑक्सिजनचा मास्क उपटून भिंतीवर फेकला होता, तो परत लावायला आलेल्या आयाबाईच्या मनगटाला दात लावले होते, आणि मग एकाएकी हात खाली टाकले होते... मी समोरच्या गिऱ्हाइकाचं पासबुक मिटलं आणि उठले. रडू आलं नाही. चंद्रा शांतपणे गेली असं कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वासच बसला नसता.

पनवेलच्या मासळी बाजारात जाणाऱ्यांनी तिला पाहिलं असेल, निदान ऐकलं तरी नक्कीच असेल. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही मुलगी सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसायची. वरच्या वर्गातला एक दांडगा मुलगा आम्हा मुलींच्या वेण्या ओढायचा. एक दिवस चंद्रानं कंपासपेटी अशी हाणली की त्याची भुवई फाटून रक्त शर्टावर आलं. हेडमास्तरांनी तिला माफी मागायला सांगितली. "आधी त्यानं मागू दे," ती म्हणाली. तळहात सुजेपर्यंत छड्या खाल्ल्या, पण माफी मागितली नाही. त्यानंतर वर्षभरातच तिची शाळा सुटली आणि ती बाजारात आईशेजारी मासळीची पाटी घेऊन बसायला लागली.

लग्न झालं धर्माशी. तो तळोज्याच्या एका कारखान्याचा टँकर चालवायचा. प्यायला की हात उगारायचा, आणि रोज प्यायचा. चंद्राचा एक दात गेला, गळ्याजवळचं हाड मोडलं, एका कानानं कमी ऐकू यायला लागलं. डोळा काळानिळा घेऊनही ती सकाळी बाजारात हजर असायची. एकदा न राहवून मी विचारलं, "रोज हातभर सुरमईचे तुकडे पाडतेस, आणि घरी मार खातेस?" तिनं कोयता पाण्यात बुडवला, पुसला आणि सांगितलं, "ह्यो मी हितंच ठेवून जातंय. घरी नेला तर एक दिवस त्याचा मुडदा पाडीन. मंग पोरीला कोन बघंल?"

दोन हजार दहाच्या आसपास तिच्या डाव्या टाचेवर एक काळा डाग दिसायला लागला. माशाचा काटा रुतून रक्त साकळलं असेल, असं तिला वाटलं. डाग पसरला, वर आला, त्यातून रक्त येऊ लागलं. कोळीवाड्यातल्या एका जाणत्या म्हातारीनं विळा लाल होईपर्यंत तापवला आणि टाचेवर डाग दिला. कातडं चरचरलं, तरी चंद्रा ओरडली नाही. ती जखम मात्र भरलीच नाही. चंद्रा पाटीजवळ पाय सोडून बसलेली असताना मी ती पाहिली आणि तिला तशीच रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. कातडीचा कॅन्सर, तोही सगळ्यांत आडदांड जातीचा, असं निदान झालं. टाचेचा मोठा तुकडा कापला, मांडीचं कातडं काढून तिथे लावलं. जांघेत गाठ लागत होती, म्हणून तिथल्या सगळ्या लसिका-गाठीही काढल्या. त्यांतल्या बऱ्याच गाठींत रोग सापडला, आणि एक गाठ तर रोगानं आतून फोडलेली होती.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं स्वच्छ सांगितलं, "जांघेला रेडिएशन द्यावं असं आम्हाला वाटतं. तिथे रोग परत उगवण्याची शक्यता त्यानं कमी होते. पण आयुष्य वाढेल असं वचन मी देत नाही. तो दुसरीकडे जाऊ शकतो. आणि पाय कायमचा सुजेल."

चंद्रा म्हणाली, "म्हंजे कडी लावायची. चोर गावात हायच."

"हो. तसंच."

मी तिला म्हटलं, विचार करायला वेळ घे. पण तिचा विचार वॉर्डातच झाला होता. पलीकडच्या खोलीत एक म्हातारा होता. त्याच्या जांघेतली गाठ बाहेर फुटली होती, फडकी रक्तानं भिजायची, आणि वास असा की नातेवाईक दाराबाहेर बसायचे. जन्मभर सडक्या मासळीत हात घातलेल्या चंद्रालाही तो वास सोसेना. "नंदे, मरनाचं काय नाय," ती मला म्हणाली, "पन मना असं नाय मरायचं. पोर जवळ येनार नाय, असं नाय."

लोक रेडिएशनला शेक म्हणतात, लाइट देणं म्हणतात. नाव किती साधं. जांघेवर शाईच्या खुणा करून तिला रोज त्या थंड खोलीत एकटीला झोपवायचे आणि जड दार लावून घ्यायचे. पहिले दिवस काहीच जाणवलं नाही. मग कातडी लाल झाली, काळवंडली, आणि पुढे ओली होऊन सोलायला लागली. कोळणीचं लुगडं दोन्ही पायांतून ओढून घट्ट कासतात, त्याचा काच नेमका तिथेच बसायचा. शेवटी तिला लुगडं सोडावं लागलं. माझा ढगळ गाऊन घालून ती एसटी स्टँडवर आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. "हसू नको," ती दुरूनच ओरडली, "थोबाड फोडीन!"

आणि त्यातच ती संध्याकाळ आली. हा रोग लागतो, असं कुणीतरी धर्माच्या डोक्यात भरवलं होतं. प्यायलेला तो घरात शिरला, तिनं हात लावलेला कालवणाचा टोप त्यानं अंगणात भिरकावला, आणि उठून उभी राहू पाहणाऱ्या चंद्राला लाथ घातली... बरोबर त्याच जागी. भाजलेलं कातडं फाटलं. रूपालीनं सांगितलं, आईच्या तोंडून बाहेर पडलेला आवाज माणसाचा नव्हता. दुसरी लाथ उचलली गेली तेव्हा कोपऱ्यातलं मुसळ चंद्राच्या हातात आलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी फिरवलं. धर्माचा उजवा हात कोपराखाली मोडला. त्यानं डावा पुढे केला, तर तिनं खांद्यावर हाणलं. तो सरपटत उंबऱ्याबाहेर गेला, आणि ही, पायावरून रक्ताचे ओघळ वाहत असताना, मुसळ घेऊन दारात उभी राहिली. अख्खा कोळीवाडा बघत होता. "उचला त्याला," ती शेजाऱ्यांना म्हणाली, "नायतर संपवतंय."

धर्माला त्याचे भाऊ बहिणीच्या गावी घेऊन गेले. तो पुन्हा त्या घरात आला नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिचा गाऊन जखमेला चिकटलेला पाहून डॉक्टरनं उपचार थांबवले आणि पोलिसांत जायला सांगितलं. "हात त्याचा मोडलाय," चंद्रा म्हणाली, "आत मनाच टाकतील." पण उपचार थांबणार म्हटल्यावर मात्र ती हमसून रडली, जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर. मध्ये खंड पडला की रोग त्या फटीतून आत शिरेल, ही भीती तिला त्या लाथेहून मोठी होती. मी तिला आणि रूपालीला माझ्या घरी आणलं. जखम जरा वाळली, शेक पुन्हा सुरू झाला, आणि तिनं तो पुरा केला.

त्यानंतर काही वर्षं मिळाली. पाय खांबासारखा सुजला. बर्फाच्या थर्माकोलच्या पेटीवर तो ठेवून ती बाजारात बसायची आणि भाव करणाऱ्यांना शिव्या घालायची. धर्मा मेल्याची बातमी आली तेव्हा ती पापलेट साफ करत होती. "बरं," म्हणाली, आणि पुढचं पापलेट उचललं. रूपाली नर्सिंगला गेली. मग खोकला आला, खोकल्यातून रक्त आलं. रोग फुप्फुसात पोचला होता. डॉक्टरनं जांघ पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. तिथे काही नव्हतं, कातडीखाली नुसता कडक वण. शेवटच्या भेटीत मला धीर धरवेना, म्हटलं, एवढं सोसलंस आणि... तिनं मध्येच माझं मनगट पकडलं. बोटं हाडात रुतली. "पोर रोज माझ्या कुशीत झोपतंय," ती म्हणाली, "वास नाय येत."

परवा माझ्या घराचं रंगकाम काढलं. ज्या खोलीत तेव्हा चंद्रा झोपायची तिथल्या भिंतीला, पलंगाच्या उंचीवर, एक खोलगट खड्डा आहे. रूपाली मिठाच्या पाण्यानं तिची जखम धुवायची तेव्हा ओरडायचं नाही म्हणून चंद्रा भिंतीवर मूठ हाणायची. रोज, एकाच जागी. गिलावा फुटून आतली वीट दिसेपर्यंत. मी चहा घेऊन गेले तर रंगाऱ्यानं त्यात पुट्टी भरून वर पत्र्याची पट्टी फिरवली होती. भिंत कशी गुळगुळीत झाली होती. मी ट्रे खाली ठेवला, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि ती ओली पुट्टी उकरून काढायला लागले. "अहो मॅडम, काय करताय!" तो म्हणाला. वीट लागेपर्यंत मी थांबले नाही.