बर्फातली बहीण

माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक असायचा. त्यावर बाईची आकृती. ती माझी थोरली बहीण. ती इथे सुरतेत तापाने गेली, लेक मागे लहान होती, म्हणून त्याच घरात मला दिलं. रोज आधी टाकाला कुंकू लावायचं, मग स्वतःला. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. नाहीतर सवत रुसते म्हणतात. मला तिला सवत म्हणवत नसे. मनात ती ताईच होती.

बऱ्याच वर्षांनी मला दिवस गेले. सासूबाईंनी माझ्या गळ्यातला टाक काढला आणि देव्हाऱ्यात ठेवला. म्हणाल्या, "तुनी बहीणच उनी पोटमा. आते गळामा कसाले?"

ताईच माझ्या पोटी आली म्हणून शेजारणींनाही आनंद झाला. मी मान खाली घालून हसले. पण गळा मोकळा झाला तशी मला भीती वाटू लागली. इतकी वर्षं ताई कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आता पोटात काही हललं की मी श्वास धरून बसायची. मला हे मूल माझं हवं होतं. हे बोलणार कुणाजवळ? सासूबाई सोडल्या तर घरात बोलायला दुसरं माणूस म्हणजे ताईचीच लेक.

आम्ही दोघी घरी धागा कटिंग करतो. पांडेसऱ्याच्या कारखान्यांतून साड्या येतात, भरतकामाच्या मागचे लोंबते दोरे कापायचे. त्या खेपेला काठाला हत्ती होते. लेक दोरे कापता कापता म्हणाली, "मावशी, या हत्तीला एक बहीण होती. मॅमथ. अंगभर केस."

"आफ्रिकेत असतो तो?"

"आफ्रिकेतला हत्ती नुसता दिसतो सारखा. तो चुलत. आपल्या हत्तीला सगळ्यात जवळची मॅमथच. तिघांचे पूर्वज आफ्रिकेतलेच, पण चुलत घर आधी वेगळं झालं, या दोघी मागाहून."

"मग ती कुठंय?"

"मेली. सगळ्याच मेल्या. बर्फात सापडतात." तिने मोबाइलवर दाखवलं. चिखलाच्या रंगाचं पिल्लू कुशीवर पडलं होतं. झोपल्यासारखं. पापण्यांचे केससुद्धा शाबूत.

मी मोबाइल पालथा ठेवला. ताईला तापीकाठी जाळलं हे बरं झालं, असं मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली.

लेक मात्र थांबेना. "शास्त्रज्ञ तिला परत आणायचं म्हणतात. आपल्याकडच्या हत्तिणीच्या पोटातून आणता येईल, असाही विचार आहे. जवळची ना ती."

कात्री माझ्या हातातच राहिली. "हत्तिणीला विचारलं का कुणी?"

"तिला काय विचारायचं?" ती हसली. मग माझ्या पोटाकडे बघून तिचं हसू गेलं. हळू म्हणाली, "ती खरी मॅमथ नसणारच, मावशी. हत्तिणीचंच पिल्लू. फक्त केसाळ."

त्या बोलण्यावर मी उरलेले महिने काढले.

मुलगी झाली. खांद्यांवर, पाठीवर, कानांच्या पाळ्यांवर दाट काळी लव. मालिशवाली म्हणाली, खूप पोरांना असते, पिठाच्या गोळ्याने चोळलं की जाते. सासूबाई म्हणाल्या, थोरलीलाही अशीच होती, तिच्या आईने सांगितलं होतं. आमची आई एकच. मला तिने असलं काही कधी सांगितलं नव्हतं.

बाळ रडायचं थांबत नव्हतं. लेक जवळ आली, खूप वेळ तोंडाकडे बघत राहिली, आणि अगदी हळू म्हणाली, "आई."

बाळ गप्प झालं.

मी बाळाला पदराखाली घेतलं.

बारशाला ताईचंच नाव ठेवणार हे ठरलेलं होतं. त्या सकाळी बायका यायच्या आत मी दार लोटलं आणि मला हवं होतं ते नाव बाळाच्या कानात सांगितलं. दुपारी आत्याने वाकून ताईचं सांगितलं.

आता ती रांगते. लव केव्हाच गेली. घरातले ताईच्या नावाने हाक मारतात, ती लगेच वळते. कुणी नसलं की मी कानात सांगितलेल्या नावाने हाक मारते. तेव्हाही वळते. पण आधी दाराकडे बघते, मग माझ्याकडे.