चिमाजीची जर्मनची होडी

कासारवाडीच्या घाटावर त्या काळी एक कुजबुज होती. चिमाजी भोयाची होडी पवनेनं नाही बुडवली, त्याच्या बायकोनं बुडवली, अशी. बाया धुणं आपटता आपटता सांगायच्या, बापये चिलीम भरता भरता. सांगणारा आधी इकडेतिकडे बघायचा, मग आवाज खाली आणायचा. एवढं केलं की ऐकणाऱ्याला पुराव्याची गरजच पडत नसे. ही कुजबुज नदी ओलांडून सांगवीला पोचली, तोवर बिचाऱ्या रतनबाईच्या हातात कुऱ्हाडसुद्धा आली होती.

चिमाजी माणूस वाईट नव्हता हो. उंच, हाडकुळा, मिशीला रोज तेल लावणारा. जाळं फेकायला लागला की बघत राहावं. खोड एकच. चार माणसं बघताहेत म्हटलं की त्याची मान वीतभर उंच व्हायची, आणि एकदा उंच झालेली मान त्याला खाली घेता यायची नाही.

घर मोठं. चिमाजी, त्याची रतनबाई, धाकटा भाऊ गेनबा, त्याची सुभद्राबाई, दोघांची पोरंबाळं. चूल एक आणि होडीही एकच, बापाच्या वेळची, लाकडी. तिच्या तळातून नदी माहेरवाशिणीसारखी आतबाहेर करायची. एकानं मासे धरायचे आणि दुसऱ्यानं डब्यानं पाणी उपसायचं. तिकडे पिंपरीच्या कॅम्पात सिंधी मंडळी येऊन राहिलेली, मासळीची भारी शौकीन. रतनबाईची टोपली डोक्यावरून खाली उतरायच्या आत त्यातली मरळ संपलेली असायची. गिऱ्हाईक दारात उभं आणि होडी ही असली. नवी घ्यायलाच हवी होती.

गेनबाचं म्हणणं सरळ होतं. "दादा, सुताराला सांगू. लाकडाचीच करू. बापानं काय वाईट दिस काढले का तिच्यात?"

पण चिमाजीच्या कानावर आलं होतं की, खडकीच्या मोडबाजारात उद्धवराव नावाच्या व्यापाऱ्यानं लष्कराच्या लिलावातून दोन होड्या आणून टाकल्यात. लाकडाच्या नव्हेत, जर्मनच्या. अल्युमिनियमला तेव्हा सगळे जर्मनच म्हणायचे. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, तशी जर्मनची होडी. झालं! अशी होडी पवनेवर कुणाकडेच नव्हती. मान उंच व्हायला एवढं पुरे होतं.

खडकीला चिमाजी गेला, गेनबा गेला, आणि रतनबाईही गेली. उद्धवरावांनी तिला बघून विचारलं, "बाईंचं काय काम इथं?"

"घरात भांडं येनार," रतनबाई म्हणाली, "मग बाईनं बघाया नको व्हय?"

दोन होड्या पालथ्या पडल्या होत्या. एक रुंद, बसक्या नाकाची, जागोजाग पोचे आलेली, रंगानं राखेसारखी. दुसरी सडपातळ, टोकदार, उन्हात अशी झळकणारी की डोळे मिटावेत. रतनबाईनं काय करावं? तिनं बोहाऱ्याच्या दुकानात पातेलं बघतात तसं बोटाच्या पेरानं दोन्हींना वाजवून पाहिलं. पोचेवाली जडशीळ वाजली. झळकणारी टणटणली. मग तिनं दोन्ही उलथवायला लावल्या, कोपऱ्यातल्या हौदातलं पाणी बादल्यांनी आत ओतलं आणि पदर खोचून खाली वाकून बघत बसली. उद्धवराव हसत होते, गेनबा हसत होता. चिमाजीचे मात्र कान लाल झाले होते.

"दोन्ही गळत न्हाईत," ती उठून म्हणाली. "पर पोचेवाली घ्या. पत्रा जाड हाय तिचा. दुसरी निस्ती दिसायला."

"रतन, ही होडी हाय. आमटीचं पातेलं न्हाई."

"वैनी बरोबर बोलती, दादा," गेनबा म्हणाला. "मला तर दोन्ही नकोत. पर घेनारच असशील तर जाड घे."

उद्धवराव तोंडात पान धरून उभे होते. तेवढ्यात शेजारच्या दुकानातले दोघंतिघं येऊन उभे राहिले, बाई होडी वाजवून घेते ही गंमत बघायला. माणसं जमली तशी मान वर गेली. चिमाजीनं झळकणाऱ्या होडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही."

बैलगाडीवर पालथी घालून ती कासारवाडीत आली, तेव्हा अर्धं गाव मागून चाललं होतं. घाटावरचा म्हातारा तात्याबा, भोयांमधला जाणता, हातातली काठी टेकत पुढं आला. "चिमाजीराव, कुनाच्या लग्नाची कढई म्हनायची ही?" सगळे हसले. चिमाजीही हसला, कारण हसत का असेना, बघत होते सगळे तिच्याकडेच.

भोयांच्या त्या घरात रीत अशी, की नवी नाव पाण्यात जायच्या आधी घरातल्या थोरल्या सवाशिणीनं नावेच्या तोंडाला हळदकुंकू लावायचं. रतनबाईनं ते लावलं. चकचकीत पत्र्यावर कुंकू टिकेना, तर तिनं बोटावर तेल घेऊन पुन्हा लावलं. नापसंत होडीचंसुद्धा तिनं सगळं साग्रसंगीत केलं, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

हिवाळा झोकात गेला. होडी हलकी, एकट्यानं ओढता येणारी, पाण्यावर भिंगरीसारखी फिरणारी. गेनबासुद्धा निवळला. मग उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात भोई काय करतात? नाव काठावर ओढतात, पालथी घालतात आणि चुन्यात करंजेल कालवून तिच्या तळाला थापतात. फटी बुजतात, लाकूड कुजत नाही. आजा करायचा, बाप करायचा.

चिमाजीनं जर्मनच्या होडीला चुना काढला.

रतनबाई धावत घाटावर आली. "अवो, चुना नका लावू! दिवाळीला भिंतींसाठी मी जर्मनच्या पातेल्यात चुना भिजवला व्हता, ध्यानात हाय न्हवं? तळाची चाळन झाली त्याच्या."

"पुन्यांदा पातेलं!" चिमाजी ओरडला. घाटावर तात्याबा होता, धुणाऱ्या बाया होत्या, जाळी सांधणारे होते. "आज्यापासनं चुना लावतोय आमी. तू शिकीव आता भोयाला नाव राखाया!"

सगळे खो खो हसले. रतनबाईचा चेहरा तापला. "मग बुडवा एकदाची ती होडी!" म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

चिमाजीनं दुप्पट चुना थापला. बायकोला दाखवायचं होतं ना! ओला राहावा म्हणून रोज वरून पाणी मारलं. आणि चुना त्या पत्र्यावर फसफसायला लागला. बारीक बारीक बुडबुडे, कान लावला तर चुर्र असा आवाज. कुणीतरी विचारलं, "हे काय रं?" चिमाजी म्हणाला, "चुना धरतोय." गेनबानं एकदा बोट लावून बघितलं, बोटाला राखाडी काळं लागलं. ते त्यानं धोतराला पुसलं. थोरला भाऊ सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार?

मृगाच्या तोंडावर चिमाजी एकटाच होडी घेऊन डोहाकडे गेला. अंधार पडल्यावर तो पायी परत आला, धोतर मांडीपर्यंत भिजलेलं. जेवला नाही. डोकं दुखतंय म्हणाला.

सकाळी घाटावर होडी नव्हती.

"दादा, होडी कुठाय?" गेनबानं विचारलं.

"मला काय ठावं? खुट्याला बांधली व्हती."

माणसं जमली. कुणी म्हणालं चोरी, कुणी म्हणालं दोर सुटला. तात्याबानं काठी आपटली. "उगा नदीला आन् चोराला कशापायी बोल लावताय? रतनबाई काय म्हनली व्हती, ऐकलं न्हाई का सगळ्यांनी?"

सगळे चिमाजीकडे वळले. एक 'न्हाई' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. चिमाजी वाकला आणि पाण्यात हात धुवायला लागला. हात स्वच्छच होते. तरी धूत राहिला, धूत राहिला, आणि तेवढ्या वेळात रतनबाईचा निकाल लागून गेला.

पावसाळाभर ती कुजबुज पिकली. चिमाजीला लोक दया दाखवायला लागले. तंबाखू पुढं करायचे, "बायको अशी निघाली, तू तरी काय करनार," म्हणायचे. तो ती घ्यायचा. प्रत्येक चिमटीबरोबर तो थोडा वाकत गेला. मिशीला तेल लावायचा विसरला. ज्या घाटावर मान ताठ करून उभा राहायचा, तिथं पाठ करून बसायला लागला.

दसऱ्याला गेनबाची लाकडी नाव तयार झाली. रतनबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, डोईवर पदर, अंगावर ठेवणीतलं लुगडं. पाण्यात पाऊल टाकणार तोच तात्याबा म्हणाला, "थांब बाई. एक नाव जिच्या हातानं बुडाली, तिच्या हातचं कुंकू दुसरीला नगं."

रतनबाईनं तात्याबाकडे बघितलंच नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं. चिमाजी गुडघाभर पाण्यात नावेला धरून उभा होता. त्यानं खाली बघितलं. पवनेचं पाणी तेव्हा गढूळ असतं, स्वतःचे पाय दिसत नाहीत. तरी बघत राहिला. सुभद्राबाई रडवेली होऊन म्हणत होती, "जाऊबाई, मी न्हाई लावनार." रतनबाईनं ताट तिच्या हातात दिलं आणि मधल्या वाटेनं घरी गेली.

दुपारी तिनं नवऱ्याला पानावर वाढलं. पुरणाची पोळी, वर तूप. आणि म्हणाली, "मी न्हाई बुडवली, हे साऱ्या गावात दोघांनाच ठावं हाय. एक मी."

चिमाजीनं घास तोडला. घास तुपात घोळवत राहिला.

"तुमी बोलनार हाय का न्हाई?"

तो पानावरून उठला. सणाच्या दिवशी भरल्या पानावरून उठला, हे सुभद्राबाईनं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. तिनं नाही सांगितलं, तर आपल्याला कसं कळलं, असं विचारू नका.

वर्ष गेलं. रतनबाई टोपली घेऊन कॅम्पात जायची, यायची, नवऱ्याला भाकरी वाढायची. पुन्हा तो प्रश्न तिनं विचारला नाही. विचारती तर बरं झालं असतं, असं चिमाजीला वाटत असणार. कारण तिच्यापुढं तो आता जेवायचासुद्धा भिंतीकडे तोंड करून.

पुढच्या दसऱ्याला नाव पूजायला सगळे घाटावर आले. ताट सुभद्राबाईच्या हातात. आता कुणाला सांगावं लागत नव्हतं. चिमाजी पुढं आला. त्यानं भावजयीच्या हातातलं ताट घेतलं, मागं उभ्या असलेल्या रतनबाईपुढं धरलं आणि म्हणाला, "तू लाव."

"ए चिमाजी!" तात्याबा गरजला.

चिमाजीनं ताट तसंच पुढं धरून ठेवलं. मग चिमाजी बोलला. घाटावर जेवढे होते तेवढ्यांनी ऐकलं. हसलं कुणीच नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं. ताट मात्र घेतलं नाही. "सुभद्राच्या हाताला सवय झाली आता," ती म्हणाली. "तिलाच लावू द्या." आणि टोपली उचलून पिंपरीच्या वाटेला लागली.

त्या दिवशी चिमाजी जे बोलला ते एवढंच. होडी रतनबाईनं बुडवली नव्हती. चुन्यानं तिच्या तळाची चाळण झाली होती. ते घाटावर दिसू नये म्हणून चिमाजीनं स्वतः डोहात तिच्यात दगड भरले आणि ती बुडवली, आणि आळ बायकोवर आला तेव्हा तो गप्प बसला.