टॉवरवरचा पोळा

अर्ज मीच लिहिला होता, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सांगायला मला तोंड नाही.

धुळ्याकडच्या आमच्या गावात बाजारपेठेच्या मधोमध नगरपालिकेचा घड्याळाचा टॉवर आहे आणि त्याच्यासमोर माझं शिलाईचं दुकान. टॉवरात तीन घंटा. दोन लहान पाव-पाव तासाला वाजत, मोठी तासाचे टोले देई. तिघींचं एकमेकींशी कधी पटलं नाही. एक घोगरी, दुसरी नाकात बोलणारी, आणि मोठी तर फुटक्या हंड्यावर पळी मारल्यासारखी.

या घड्याळाला रोज चावी देत ते कौतिकनाना. वाटण्या झाल्या तेव्हा बैलजोडी थोरल्या भावाकडे गेली आणि नानांनी पालिकेची नोकरी धरली. मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको झुंबरबाई ब्याऐंशी साली गेली. त्यानंतर नाना सकाळी चावी देत आणि उरलेला दिवस टॉवरच्या पायरीवर काढत. टोले पडले की जाणारा-येणारा त्यांना डिवचल्याशिवाय राहत नसे.

"नाना, घंटीले सर्दी व्हयनी का?"

नानाही काही कमी नव्हते. "तुना कानम्हा मय भरेल शे, तो काढ पयले!"

माणूस हसत पुढे जाई. दिवसातून दहा-बारा वेळा हे चाले. नानांचं दिवसभराचं बोलणं तेवढंच होतं, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नाही.

मला आपला तो आवाज सहन होईना. दर पाव तासाला दात आंबत. सत्त्याऐंशी साली मी अर्ज खरडला आणि चाळीस दुकानदारांच्या सह्या घेतल्या. पालिकाही कधी नव्हे ती हलली. दिवाळीच्या आधी देवपूरहून भाईदास नावाचे घड्याळजी आले. मीही हौसेनं त्यांच्यामागे टॉवरवर चढलो.

भाईदासांनी मोठी घंटा आधी नखानं खरवडली, मग पटाशीनं. हिरवा रंग निघाला. त्याखाली लाल, त्याखाली निळा, मग पुन्हा लाल. ऑइलपेंटचे अकरा थर, मध्येमध्ये बेगड चिकटलेली.

"घंटेला रंग? मग आवाज बसणार नाही तर काय होणार! कोणाचा उद्योग हा?"

नाना भिंतीला टेकून उभे होते. "मना," ते म्हणाले. "पोळाले बठ्ठा गाव बैल रंगाडस. मनाकडे कोठे शेतस बैल? ह्याच मना बैल. दर साल रंग लावस, निवद दाखाडस."

"मातीना बैल पुजाना ना, नाना," मी म्हणालो.

"मातीना बैल बोलतस का?"

भाईदासांना हसू आलं होतं. नानांकडे बघून त्यांनी ते गिळलं.

रंग नानांनीच खरवडला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तीन दिवस लागले.

घंटा सुरात आल्या. पहिल्या दिवशी लोक थबकले, कोणी मान डोलावली. आठवड्यात सगळ्यांना सवय झाली. टोले पडत, कोणी वर बघेना, पायरीकडेही बघेना. चांगलं वाजतंय त्यावर माणूस बोलणार तरी काय? नाना उत्तर तोंडात तयार ठेवून बसलेले असत आणि माणसं सरळ निघून जात.

एका दुपारी ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"पुना," ते मला म्हणाले, "घंट्या चांगल्या वाजतस. पन आते मनासंगे कोनी बोलत नही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस सह्या गोळा करताना माझी जीभ किती चालली होती! मी खाली मान घालून मशीन चालवत राहिलो.

तेवढ्यात चाराचे टोले पडू लागले. मी पाय थांबवून कान दिला. कुठे एखादी खोट सापडावी, एखादा टोमणा मारता यावा. एक, दोन, तीन, चार. नाव ठेवायला कुठेच जागा नव्हती, आणि नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.