फिल्टरच्या मेळाव्यातली सोयऱ्यांची यादी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बारामतीत पाण्याच्या फिल्टरची एक कंपनी आली. तिचं दुकान नव्हतं. ज्याच्या ओळखीनं फिल्टर खपेल त्याला कमिशन, आणि त्यानं जोडलेल्या माणसानं पुढं विकला तर त्यातलाही थोडा वाटा, अशी पद्धत होती. अशा विक्रेत्यांचा मेळावा एका रविवारी मंगल कार्यालयात भरला. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, पण गेलो बातमीसाठी नाही. मावशीनं पाठवलं म्हणून गेलो.

मावसभाऊ कळसचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वेल्डर होता आणि बरीच वर्षं हंगामी काढून नुकताच कायम झाला होता. रविवारी मेळावा आणि सोमवारी राजीनामा, असं त्यानं घरात जाहीर केलं होतं. मावशी समजावून थकली होती. ती मला म्हणाली, "तू पेपरात हायस, तुला खरंखोटं कळतं. त्याच्याशेजारी नुसता बस."

मी बसलो.

व्यासपीठावर पुण्याहून आलेले एक गृहस्थ बोलत होते. टाय, पांढरा शर्ट, स्वच्छ भाषा. ते खोटं काही सांगत नव्हते, हे नोंदवायला हवं. फिल्टर चांगला होता. वस्तू जाहिरातीनं खपत नाही, सांगणाऱ्यावरच्या विश्वासानं खपते, हा त्यांचा मुद्दाही बरोबर होता. मी तो वहीत उतरवून घेतला. मावसभावानं माझ्याकडं बघून मान हलवली. पेपरवाला लिहून घेतोय म्हणजे प्रकरण पक्कं, असा त्याचा अर्थ असावा. मला तेव्हा धास्ती वाटली.

मग प्रत्येकाला कोरा कागद मिळाला. तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांची नावं लिहा, असं सांगण्यात आलं.

सभागृह क्षणभरही अडलं नाही. आमच्याकडं अशी यादी एकच असते, लग्नाच्या पत्रिका वाटायची. ती गाववार असते आणि प्रत्येक गावात मानाप्रमाणं. आधी थोरले पाहुणे, मग भावकी, मग व्याह्यांचे व्याही. घरातल्या तीन लग्नांच्या पत्रिका मावसभावानंच वाटल्या होत्या, त्यामुळं यादी त्याला तोंडपाठ होती. कळस, इंदापूर, बावडा. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. वक्त्यांनी तो कागद उंच धरून सगळ्यांना दाखवला.

पुढची सूचना अशी होती की कागद शेजाऱ्याशी बदला आणि सुटलेली नावं सुचवा.

मावसभावाच्या पलीकडं बावड्याचे एक किराणा दुकानदार बसले होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी यादीवरून सावकाश बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"ह्यात मी हाय की."

मावसभावाला ते चेहऱ्यानं ओळखता आले नव्हते. त्याच्या थोरल्या बहिणीच्या सासरच्या नात्यातले निघाले. त्यानं त्यांचा कागद पाहिला. त्यात त्याच्या वडिलांचं नाव होतं, मामाचं होतं, आणि ज्यानं त्याला मेळाव्याला यायला सांगितलं होतं त्याचंही होतं.

"आता बघा पाव्हणं," दुकानदार म्हणाले, "तुमच्याकडनं मी घेतला तर माझ्याकडनं तुमाला घ्यायला लागंल. घरात दोन दोन फिल्टर लावायचं काय? एक माणसाला, एक म्हशीला?"

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. तिथंही तेच चाललं होतं. एकाच्या यादीत त्याच्याच रांगेतली चार माणसं सापडली होती. वक्त्यांनी माईकवर सांगितलं की नातेवाईक सोडून इतर नावं लिहा. मावसभावानं आपला कागद परत घेतला आणि समासात लिहायला पेन उचललं. नात्याबाहेरचं त्याच्या ओळखीचं जग म्हणजे कारखाना. त्यानं फोरमनचं नाव लिहिलं, वेल्डिंगवरच्या तिघांची लिहिली आणि तो थांबला. हीच माणसं सोडून तो उद्यापासून मोकळा होणार होता.

दुकानदार त्याच्याकडं पाहत होते. आवाज खाली आणून म्हणाले, "आन समजा, तो फिल्टर बिघाडला. तुमच्या भणीला तिची सासू काय म्हणंल?"

मावसभावानं कागदाची घडी घातली.

चहाच्या वेळी मी त्या पुण्याच्या गृहस्थांना गाठलं. ते गोंधळले होते, चिडले नव्हते. म्हणाले, पुण्यात सोसायटीत शेजारचा कोण हे माहीत नसतं; तिथं दहा जणांच्या दहा वेगळ्या याद्या येतात. इथं सगळ्यांची एकच आली. त्यांच्या धंद्याबद्दल मला मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती हीच.

दुपारनंतरच्या सत्राला आम्ही थांबलो नाही. एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. मी काही विचारलं नाही. रसवंतीत बसल्यावर तो आपणहून म्हणाला, "उद्या पैली पाळी हाय. सातला हजर व्हायला लागतं."

माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मी आणखी एक ग्लास मागवला. मावशीनं नंतर विचारलं, तू त्याला असं काय सांगितलंस. काही नाही, असं मी म्हणालो. तिला ते अजून खरं वाटत नाही.