बघण्यापुरतं खातं

आमच्या कॉलेजच्या कंप्युटर सेंटरमध्ये माझी आई अटेंडर होती. कुंभकोणमला शिपायाला अटेंडरच म्हणतात. सकाळी कुलुपं उघडायची, झाडायचं, सह्यांची वही पुढे करायची, ही तिची कामं. आणखी एक काम होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. दाराजवळच्या टेबलावर एक जुना कंप्युटर होता. त्याच्या पडद्यावर सगळ्या कॉलेजचा नकाशा दिसायचा, आणि प्रत्येक इमारतीतल्या नेटवर्कच्या पेटीसाठी एक ठिपका. हिरवा असला तर ठीक. लाल झाला की आई चाव्यांचा जुडगा घेऊन तिकडे जायची आणि पेटी बंद करून पुन्हा चालू करायची. तिने शाळा सहावीत सोडली, इंग्रजी तिला वाचता येत नाही. पण कुठला ठिपका कुठल्या जिन्याखाली आहे, हे तिला सेंटरच्या प्रमुख सरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"तुमची मशिनं आजारी पडली की पहिल्यांदा मला कळतं," ती म्हणायची. "तुझे प्रोफेसर मागाहून येतात."

मी त्याच कॉलेजात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होते. बाबा जवळच्या नाचियार्कोविल गावात पितळी समया घासून चकाकी देतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच, तरी घरात आम्ही आमची मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुस्तकातली मराठी मी पुढे वाचून शिकले, त्यामुळे लिहिताना अजून चाचपडते.

पडद्यासमोर बसायला आईला जे खातं दिलं होतं, ते फक्त बघण्यापुरतं होतं. त्यातून काही बदलता येत नसे. त्याचा पासवर्ड टेबलाच्या खणात आतल्या बाजूला चिकटवलेला होता, कारण आई रजेवर असली की जो कुणी बसेल त्याला तो लागायचा.

पोंगलच्या सुट्टीनंतर आम्हाला नेटवर्क सुरक्षेचा विषय सुरू झाला. त्यासाठी वाचताना त्याच सॉफ्टवेअरबद्दल कंपनीने काढलेली एक सूचना माझ्या नजरेला पडली. जुन्या आवृत्तीत दोष होता. बघणाऱ्याला बदल करायचं बटण दिसत नसे, एवढंच. बटणामागचा हुकूम कुणी थेट पाठवला तर सॉफ्टवेअर तो पाळायचं. पाठवणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हे तपासायचं नाही. म्हणजे बघण्यापुरतं खातं असलेला माणूस स्वतःलाच सर्वाधिकारी, म्हणजे अ‍ॅडमिन, करून घेऊ शकत होता. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी, पण कडी नाही. नवी आवृत्ती चढवली की दोष जाणार होता.

यापुढे मी जे केलं ते नीट लिहायला हवं. सेंटरच्या प्रमुख सरांना सांगण्याआधी मला खात्री करायची होती. चुकले असते तर 'अटेंडरची मुलगी फार शहाणी' असं सगळे म्हणाले असते, त्याची मला भीती वाटत होती. दुपारी आई मागच्या खोलीत डबा खायला गेली, तेव्हा मी तिच्या खुर्चीत बसले. पडद्यावर तिचंच खातं उघडं होतं. मी तो हुकूम थेट पाठवून पाहिला. सूचना खरी होती. दोन मिनिटांत आईचं खातं सर्वाधिकारी झालं. मी ते लगेच पुन्हा बघण्यापुरतं केलं आणि तशीच बसून राहिले.

आई हात पुसत आली. "ऊठ गे. ही अटेंडरची खुर्ची. तुला मोठी मिळणार आहे, तिथे बस."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. करून पाहिलंय, हे सांगायचा धीर झाला नाही. फक्त म्हणाले, "सर, आपलं व्हर्जन जुनं आहे. कंपनीने बदलायला सांगितलंय."

सर हसले. "कुठला व्हिडिओ बघून आलीस? परीक्षा तोंडावर असताना चालत्या मशिनीला हात लावायचा नसतो, बाळ."

मी 'बरं सर' म्हटलं आणि बाहेर आले.

काही आठवड्यांनी, प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना, सगळे ठिपके एकदम लाल झाले. आई जुडगा घेऊन एका इमारतीतून दुसरीत पळत होती, पेट्या बंद-चालू करत होती. उपयोग नव्हता. आतल्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक परत गेले. संध्याकाळी सरांनी सॉफ्टवेअरची नोंदवही, म्हणजे लॉग, काढली. हे सगळं आईच्या खात्यातून झालं होतं. आणि थोडं मागे गेल्यावर आणखी एक नोंद सापडली. त्याच खात्याने एका दुपारी सर्वाधिकार घेतला होता आणि दोन मिनिटांत सोडला होता.

सेटिंग कुणी पुसल्या ते मला आजही ठाऊक नाही. खण सगळ्यांना उघडा होता. पण पहिली नोंद माझी होती.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. प्राचार्य, सेंटरचे प्रमुख सर आणि ऑफिसातले एक गृहस्थ. आरोपपत्र इंग्रजीत होतं, म्हणून आईला समजावून सांगायला मला आत बसू दिलं. आई उभी होती. बस म्हणाले तरी ती बसली नाही.

प्राचार्यांनी लॉग वाचला. "आधी करून पाहिलं, मग केलं. याला रंगीत तालीम म्हणतात, अम्मा."

आईने मला विचारलं, पहिली नोंद किती वाजताची. मी तारीख आणि वेळ सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, हे मला दिसलं. मी तोंड उघडणार इतक्यात ती आमच्या भाषेत म्हणाली, "उगी रहा. त्या दिवशी तू आलीच नव्हतीस."

"काय म्हणतेय ती?" ऑफिसातल्या गृहस्थांनी विचारलं. "तमिळमध्ये बोलायला सांग. घरची भाषा इथे कशाला?"

खोलीत आमच्या दोघींखेरीज ते कुणालाच समजलं नव्हतं. मी म्हणाले, "वेळ पुन्हा विचारतेय, सर."

मग आई तमिळमध्ये म्हणाली की कंप्युटरवरची धूळ पुसताना बोटं कुठेतरी लागली असतील. एकदा नाही, दोनदा लागली असतील. सगळी तिचीच चूक. आमचे सर टेबलाकडे बघत होते. बोटं लागून असं होत नाही, हे त्या खोलीत त्यांना आणि मला पक्कं माहीत होतं.

"लिहून दे आणि जा. पोलिसांत देत नाही, इतकी वर्षं काम केलंस म्हणून," प्राचार्य म्हणाले.

पत्र इंग्रजीत हवं होतं. आईने कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं. माझ्या निष्काळजीपणामुळे, माझ्या हातून, मी स्वतःहून काम सोडत आहे. खाली आईने तमिळमध्ये एकेक अक्षर करत सही केली. प्राचार्यांनी कागद वाचला आणि मला म्हणाले, "इंग्रजी छान आहे तुझं."

चार दिवस मी जेमतेम जेवले. पाचव्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"तिचं पत्र फायलीत गेलंय," ते म्हणाले. "आता तू बोललीस तर ते खोटं ठरेल, आणि अक्षर तुझं आहे. तुझी डिग्री जाईल. तिची नोकरी काही परत येणार नाही."

"पण सर, मी तुम्हाला आधी सांगितलं होतं."

"व्हर्जनबद्दल काहीतरी म्हणाली होतीस. ते मला आठवायला हवं असेल तर तारीखही आठवावी लागेल. ती पहिल्या नोंदीच्या दुसऱ्या दिवसाची आहे. आधी केलंस, मग सांगितलंस, असंच दिसेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "नवी आवृत्ती चढवलीय. आता ते होणार नाही."

आई हल्ली बसस्टँडजवळच्या एका मेसमध्ये भाज्या चिरते. त्या संध्याकाळी ती घरी आल्यावर मी तिला सांगितलं की मी सरांना खरं सांगून आले. ती चप्पल काढत होती. एक पाय चपलेतच राहिला.

"कुणी विचारलं होतं तुला?" ती म्हणाली. "मी काय दिलं ते तुला कळलं नाही का गे?"

त्यानंतर ती माझ्याशी घरात तमिळ बोलू लागली. भांडली नाही, रडली नाही. पाणी आलं, कपडे वाळले, बाबांना उशीर होईल, सगळं तमिळमध्ये, शेजारच्या मुलीशी बोलावं तसं. बाबा दोनदा म्हणाले, "हे काय चाललंय?" ती त्यांचं ताट वाढायला लागली.

माझी शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल मी अभ्यासाला बसले होते. ती दारात आली आणि तमिळमध्ये विचारलं, दिवा पुरतो का. मी मराठीत म्हणाले, "पुरतो, आई." तिने पुढे येऊन दिवा माझ्याकडे जरा सरकवला आणि आत निघून गेली.