मावशींना ऐकू जाईल असा फोन

शाळेच्या स्टाफरूममध्ये फार काही साठत नाही. खडू संपतात, डस्टर नाहीसे होतात, साखर तर सोमवारी आणली की बुधवारी गायब. साठतात ते फक्त किस्से! ते कोणी घरी नेत नाही, आणि नेलेच तर थोडे वाढवून परत आणून ठेवतं. मी इथे भूगोल शिकवते. मंडईपासून हाकेच्या अंतरावर आमची शाळा. आज सांगतेय ते किस्से बहुतेक एकाच महिन्यातले आहेत आणि एका फोनपायी घडलेले.

फोन माझा नव्हे. आमच्या सुमनमावशींचा.

सुमनमावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. लोणी काळभोरहून बसने येतात, आणि त्या आल्या की शाळा भरते. अक्षरशः! कारण घंटा त्यांच्या हातात. पोर्चमध्ये पितळेची जाड थाळी टांगलेली आहे, तिच्यावर लाकडी मोगरीने ठोके द्यायचे. मध्यंतरी इलेक्ट्रिक बेल बसवली होती. ती लाइट गेली की गप्प बसायची आणि लाइट आली की भलत्याच वेळी सुटायची. शेवटी पुन्हा मावशी आणि मोगरी. तास संपला की मोजके ठोके, आणि शाळा सुटताना लांबच लांब, न थांबणारी घंटा. ती लांब घंटा कानावर पडली की आमची मुलं वाक्य अर्धं सोडून उठतात. बाईंचं वाक्यसुद्धा!

एकदा एक नवे पालक मुलाला लवकर न्यायला आले. पोर्चमध्ये कोणी दिसेना. त्यांना वाटलं, ही घंटा शिपायाला बोलवायची. त्यांनी मोगरी उचलली आणि वाजवली. कोणी येईना, म्हणून वाजवतच राहिले. शिपाई नाही आला, अख्खी शाळा बाहेर आली!

आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या जिन्यावरून गरजल्या, "कोणी दिली घंटा?"

गृहस्थ भिंतीला चिकटून म्हणाले, "मी. पण मला एकच मूल हवं होतं हो!"

तेव्हापासून नियम झाला. मावशींशिवाय घंटेला कोणी हात लावायचा नाही.

*

आता मूळ गोष्ट. मावशी त्या महिन्यात रिटायर होणार होत्या. त्यांची एकुलती एक लेक, रेखा, नांदेडला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही. त्यामुळे बाळंतपणाला माहेरी आणणं शक्यच नव्हतं. मावशींनीच जायचं ठरवलं, पण निरोपाच्या दिवशी रात्रीच्या गाडीने.

"अहो, आधी जा ना! आम्ही सांभाळू," मी म्हटलं.

"शेवटची घंटा दिल्याबिगर न्हाई जायची मी. लेकीलाबी सांगितलंय."

इथवर ठीक होतं. पण मावशींचे कान! जन्मभर त्या थाळीशेजारी उभं राहून कानांचं जे व्हायचं ते झालेलं. समोर उभं राहून खणखणीत बोललं की कळतं, फोन डाव्या कानाला लावला की बोलणंही ऐकू येतं. पण फोनची ती बारीक किणकिण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

एका दुपारी मी पोर्चमधून चालले होते. मावशी पायरीवर पालेभाजी निवडत बसलेल्या, शेजारी पिशवी, आणि पिशवीत फोन जीव तोडून वाजतोय! मी काढून दिला. रेखाला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं होतं. जावई केव्हापासून फोन लावत होते. तिला पुढे बरं वाटलं, पण मावशींच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"बाई, लेकीचं बोलावणं आलं, आन् मी हितंच बसून हुते," त्या म्हणाल्या.

मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी आम्ही ठरवलं, निरोपाला शाल-श्रीफळ तर देऊच, पण खरी भेट म्हणजे फोन. मावशींना ऐकू जाईल असा.

*

बजेट शिक्षकांचं, म्हणजे बजेट फोनच. शोधता शोधता दोन उरले. किंमत जवळपास सारखी, एक निळा, एक काळा. घोळ तिथे सुरू झाला.

आमचे गणिताचे जोशी सर कुठलीच गोष्ट तोंडी ठरवत नाहीत. त्यांनी सातवी ब च्या फळ्यावर तक्ता आखला. डावीकडे निळा, उजवीकडे काळा. खाली बॅटरी, कॅमेरा, मेमरी, वजन, गॅरंटी, प्रत्येकाला गुण. बेरीज केली, तर निळा अर्ध्या मार्काने पुढे!

"अर्ध्या मार्काने काय होतंय, सर?" मी विचारलं.

"बोर्डाच्या परीक्षेत विचारा मुलांना," सर म्हणाले, आणि तक्ता तसाच ठेवून गेले.

पुढचा तास माझा. मी सवयीने 'फळ्यावरचं उतरवून घ्या' म्हणून वह्या तपासायला बसले. मागे सरांचा तक्ता तसाच आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं! दोन दिवसांनी एका मुलाचे बाबा भेटायला आले. मी मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होते. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, भूगोलाची वही बघितली. आमच्या हिच्यासाठी निळा घेतला. थँक यू हं! इतकं उपयोगी शिक्षण आमच्या वेळी नव्हतं."

*

कॉम्प्युटरचे वानखडे सर अकोल्याचे, वयाने लहान, आणि त्यांचा सगळा भरवसा मोबाईलचं परीक्षण करणाऱ्या व्हिडिओंवर. कानात इयरफोन घालून मधल्या सुट्टीभर बघत बसायचे. एक दिवस वैतागून इयरफोन काढलेच.

"काय बाप्पा! एक भाऊ म्हणते निळा घ्या, दुसरा भाऊ म्हणते काळा घ्या, डोळे झाकून घ्या!"

"मग कुणावर विश्वास ठेवायचा?" जोशी सरांनी विचारलं.

"कसा ठेवता सर? नीट पाहिलं, त दोन्ही भाऊ एकच! फक्त शर्ट बदलला."

*

मोठ्या बाई मूळच्या मराठीच्या शिक्षिका. त्यांनी दुकानात स्वतः जाऊन दोन्ही फोनवर एकच शब्द लिहून पाहिला. 'बाळ'. काळ्याने निमूट लिहिला. निळ्याने आपणहून सुधारून 'बाल' केला. बाईंनी पुन्हा लिहिला. त्याने पुन्हा सुधारला!

बाईंनी फोन काउंटरवर ठेवला आणि चष्मा काढला. "ज्या फोनला ळ सापडत नाही, त्याच्यावर बाळाची बातमी यायची कशी?"

दुकानदार म्हणाले, "सेटिंग बदलता येतं, बाई."

"संस्कार बदलता येतात का?"

त्या दुकानदारांचंही सांगायला हवं. मंडईमागच्या बोळात दुकान, आणि दारावर हाताने लिहिलेली पाटी : 'इथे फोन बघून ऑनलाइन मागवणाऱ्यांनी जाताना निदान दार लावून घ्यावे. एसी चालू आहे.' आमचे पीटीचे जगताप सर त्यांच्याकडे गेले आणि निळा हातात धरून म्हणाले, "मावशींच्या हातून पडणार. मजबूत आहे का? टाकून बघू?"

"अवश्य बघा," दुकानदार म्हणाले. "आधी बिल करू, मग आपण हव्या तेवढ्या वेळा टाका."

*

इतकं सगळं झालं, पण एक गोष्ट आम्हा पाच शहाण्यांपैकी कोणालाच सुचली नव्हती. ज्यांच्यासाठी फोन, त्यांना न्यायची!

शेवटी मावशींना घेऊन गेलो. त्यांचं एकच पालुपद, "माझा हाय की चांगला." त्यांच्या फोनला रबरबँड लावलेला होता. तो काढला की बॅटरी वेगळी आणि फोन वेगळा.

दुकानदारांनी दोन्ही फोनचा आवाज पूर्ण वाढवला. निळा वाजवला. बोळातली माणसं वळून बघायला लागली. मावशी शांत. काळा वाजवला. समोरच्या दुकानातून कोणीतरी 'अहो, बंद करा!' म्हणून ओरडलं. मावशी शांतच.

मग म्हणाल्या, "लावा की मग. ऐकते मी."

 जोशी सर उगाच खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत बसले. बॅटरी, कॅमेरा, मेमरी, ळ, सगळं बघून झालं होतं, आणि मावशींच्या लेखी दोन्ही फोन मुके होते.  नांदेडहून फोन येणार आणि हा प्रकार पुन्हा होणार, हेच डोळ्यांपुढे आलं.

आणि मग मला आठवलं.

मी नोकरीला लागले तेव्हा माझी मुलगी तान्ही होती. घरी बघायला कोणी नाही. मावशी म्हणाल्या, आणा हिकडंच. त्या पोर्चमध्ये आपलं लुगडं घडी करून अंथरायच्या आणि तिला तिथे निजवायच्या, घंटेच्या खाली. त्या वर्षी घंटेचा आवाज अगदी दबका यायचा, वरच्या मजल्यावरचे वर्ग उशिरा सुटायचे. का, ते फार पुढे कळलं. पोरगी दचकू नये म्हणून मावशी मोगरीला फडकं गुंडाळत होत्या! माझी नोकरी टिकली ती त्या फडक्यामुळे. आज मुलगी हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण अलार्मने तिला अजून जाग येत नाही, तो भाग वेगळा. मावशींचे उपकार मी फेडू शकत नाही आणि मला ते फेडायचेही नाहीत. असू देत डोक्यावर.

मी वानखडे सरांना बाजूला घेतलं. "सर, घंटा रेकॉर्ड करता येईल का? आपली? ती तर मावशींना ऐकू जातेच."

सर म्हणाले, "मॅडम, एक नंबर!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोर्चमध्ये उभं राहून घंटा रेकॉर्ड केली, आणि संध्याकाळी आम्ही सगळे मावशींना घेऊन पुन्हा दुकानात. मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून मोबाईलची कव्हरं बघत होत्या. सरांनी आधी निळ्यावर घंटा लावली. निळ्याचा स्पीकर फाटल्यासारखा खरखरला. मावशी कव्हरंच बघत होत्या. मग काळ्यावर लावली.

मावशी गर्रकन वळल्या. "आगं बया! कुनी दिली घंटा? शाळा तर सुटली मगाशीच!"

जगताप सरांनी टाळी वाजवली. मोठ्या बाईंनी पदराने चष्मा पुसला. जोशी सरांनी अर्ध्या मार्काचा आग्रह सोडला, आणि दुकानदारांनी न मागता कव्हर फुकट दिलं! पुण्यात! वानखडे सरांनी तिथेच मावशींचं सिम काळ्यात घातलं, घंटेची रिंगटोन ठेवली आणि फोन निरोपापर्यंत आपल्याकडे ठेवला. तोवर रोज दिवसातून चार वेळा रेखाला फोन करून ते विचारायचे, "ताई, बरं आहे ना?" ती बिचारी म्हणाली, सासूसुद्धा एवढं विचारत नाही.

*

निरोपाचा दिवस. शेवटच्या तासाला हॉलमध्ये कार्यक्रम. सगळी शाळा मांडी घालून बसलेली, दप्तरं मांडीवर. कार्यक्रम संपला की मावशी पोर्चमध्ये जाऊन आपली शेवटची घंटा देणार, असं ठरलेलं. मोगरीला झेंडूचा हार घातला होता. मावशी स्टेजवर नव्या लुगड्यात, नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

मोठ्या बाईंनी शाल दिली, श्रीफळ दिलं आणि फोन दिला. मावशींनी तो कपाळाला लावला आणि कुठे ठेवायचं न कळून समोरच्या टेबलावर ठेवला. माइकला अगदी टेकून.

मोठ्या बाई बोलायला लागल्या. "मुलांनो, या शाळेत मुख्याध्यापक आले आणि गेले. पण या शाळेची वेळ ज्यांनी सांभाळली..."

आणि घंटा झाली.

सगळ्या कर्ण्यांतून, तीन मजल्यांवर! वानखडे सरांनी रेकॉर्ड केली होती ती शाळा सुटायची, लांबच लांब, न थांबणारी. मुलं उठली, दप्तरं पाठीला, 'सुटलीऽऽ!' करत निघालीसुद्धा. जगताप सर शिट्टी फुंकत दाराकडे धावले, ते गर्दीबरोबर बाहेरच गेले. गेटवर रिक्षावाले काका घाईघाईने रिक्षा चालू करायला लागले. हॉलमध्ये उरल्या फक्त सतरंज्या आणि आम्ही.

मोठ्या बाईंनी सवयीने माइक ओढला. "कोणी दिली घंटा?"

 मावशींनी फोन उचलून डाव्या कानाला लावला होता. ऐकत होत्या. एक हात छातीवर. मग डोळे मिटले.

बाईंनी या वेळी हळूच विचारलं, "मावशी, कोणी दिली घंटा?"

मावशींनी डोळे उघडले.

"माझ्या नातीनं, बाई!"