स्लाइडच्या वहीतली सही

हुसेनभाईंचे वडील बुधवार पेठेत पुस्तकं बांधायचे, म्हणून मुलाच्या हाताला पात्याची सवय. आमच्या मेडिकल कॉलेजात ते मेणात बसवलेल्या गर्भाचे पातळ काप काढून काचेवर चढवायचे. मी, श्यामला, त्याच विभागात टायपिस्ट. गोष्ट एकाहत्तरची, पण सांगताना अजून बरं वाटतं.

थायमस ही छातीतली ग्रंथी, पण पोटातल्या बाळात ती सुरू होते गळ्यात. दोन्ही बाजूंनी एकेक भाग निघतो, खाली उतरतो आणि छातीत दोघांची गाठ पडते. एका गर्भात तिचा तुकडा गळ्यातच अडकलेला हुसेनभाईंना दिसला. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, त्यावर लेख छापला, एकट्याच्या नावानं. हुसेनभाईंनी विचारलं, तर म्हणाले, "तुमचं काम कापायचं. वाचायचं नाही."

तोवर प्रत्येक स्लाइडमध्ये काय दिसतं ते वहीत हुसेनभाई लिहायचे, सर नुसती सही ठोकायचे. त्या दिवसापासून हुसेनभाई कोरी वही पुढे सरकवून म्हणत, "आपणच लिहा, सर."

वर्षभरात चार महिन्यांच्या एका गर्भाच्या गळ्यात तसाच तुकडा दिसला. सरांनी खुशीत 'थायमस' लिहून सही केली. हुसेनभाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं.

"ताई, चौथ्या महिन्यात थायमसच्या अस्तराच्या पेशींची जाळी होते. मधोमध त्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या गोल गुंडाळतात. इथं आहे का काही? ही पॅराथायरॉइड, दुसरीच ग्रंथी. एकाच कप्प्यातून निघतात दोघी, बरोबरच उतरतात."

"मग सांगा की सरांना."

"कशाला?"

मीही सांगितलं नाही. जिरू दे म्हटलं.

सरांनी ती स्लाइड डॉक्टरांच्या परिषदेत दाखवली. तिथं एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अहो, ही पॅराथायरॉइड आहे." सभागृह हसलं. परत येताच सरांनी डीनसाहेबांकडे तक्रार केली: हुसेननं स्लाइड बदलली, त्याला काढून टाका.

चौकशीत हुसेनभाईंनी वही उघडून ठेवली. काचेवर कोरलेला नंबर तोच, अक्षर सरांचं, सही सरांची.

"तुम्हाला कळलं होतं?" डीनसाहेबांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

हुसेनभाई सरांकडे बघत म्हणाले, "माझं काम कापायचं, साहेब. वाचायचं नाही."

चौकशीचं टिपण मीच टाइप केलं. ते वाक्य जसंच्या तसं घातलं, आणि कार्बन लावून चार प्रती जास्त काढल्या.